उन्हाच्या गावात राहणाऱ्यांचे प्रश्न

फेब्रुवारीच्या अंकातील या सदरात नाशिकच्या हवेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळची सगळी पाने त्याच विषयाला द्यावी लागली. कोणी या उन्हासाठी येथे येऊ पाहत आहे, कोणाला उन्हासाठी परत यायचे आहे, तर कोणाच्या घरातील माणसे भरपूर ऊन असूनही निघून चालली आहेत. पत्रे थोडी आखूड केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी गेली ३४ वर्षे डोंबिवलीत राहतो. मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. डिसेंबरात आठ दिवस नाशिकला भाचीकडे राहिलो. सकाळची थंडी आणि दिवसभराचे स्वच्छ ऊन पाहून येथेच घर घ्यावे, असे वाटू लागले. पत्नीचे गुडघेही त्या आठ दिवसांत दुखले नाहीत. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाटा या भागात फ्लॅट पाहतो आहोत. मुलगी मात्र म्हणते, "बाबा, तुम्ही नाशिकचा मे पाहिलेला नाही." काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीचे म्हणणे मनावर घ्यावे, पण त्याने घाबरून जाऊ नये. डिसेंबरातले नाशिक पाहून कोणीही या गावाच्या प्रेमात पडेल. मी येथेच जन्मले, तरी त्या दिवसांत गोदाकाठाने चालताना मला दर वर्षी नव्याने बरे वाटते. परंतु घर बारा महिन्यांसाठी घ्यायचे असते. येथील सर्वांत कठीण काळ म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत दुपारचा पारा ३८ अंशांच्या आसपास असतो आणि काही दिवस चाळिशी ओलांडतो. डोंबिवलीत आकडा याहून कमी दिसतो, पण तेथे हवेत ओल असल्याने अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. नाशिकची दुपार कोरडी असते. सावलीत बसून पाणी पीत राहिले तर तोच पारा सोसतो. उघड्या उन्हात मात्र तो भाजून काढतो. रात्रीचा फरक याहून मोठा आहे. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन लवकर निवते, आणि घाटाकडून वारा सुटला तर मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते.

हे सारे घर बरे असेल तर. घर चुकले, तर नाशिकची हवा कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही. आपण ज्या अक्षांशावर राहतो, तेथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन भिंतींवर पडत नाही, गच्चीवर पडते. त्या खालोखाल ते पश्चिमेच्या भिंतीवर पडते, कारण तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली उतरतो आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळी, नेमके आपण झोपायच्या तयारीत असताना, ती खाली सोडू लागतो. म्हणून सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची शयनगृहे, या दोन गोष्टी कितीही स्वस्त मिळाल्या तरी टाळाव्यात. दक्षिणेच्या खिडक्यांना मात्र भिऊ नये. वास्तुशास्त्राच्या धाकाने लोक दक्षिणेकडे पाठ फिरवतात याचे मला फार वाईट वाटते, कारण उन्हाच्या दृष्टीने तीच सर्वांत गुणी दिशा आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४६ अंशांवर असतो, म्हणून थंडीचे हवेहवेसे ऊन त्या खिडकीतून आत येते. मे महिन्यात तो माथ्यावर गेल्यामुळे दीड-दोन फुटांच्या छज्जानेही अडतो.

फ्लॅट दाखवणारा माणूस तुम्हाला सकाळी अकराला घेऊन जाईल. आपण दुपारी चारला जा, आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा. त्याच फेरीत सोसायटीच्या सचिवांना विचारा, मे महिन्यात टँकर मागवावे लागतात का. शहराला गंगापूर धरणाचे पाणी आहे, म्हणून नाशिकला पाण्याची ददात नाही असे बाहेरचे लोक धरून चालतात. नव्या वस्त्यांत तसे असेलच असे नाही.

आता गुडघ्यांविषयी. आपल्या पत्नीला बरे वाटले याचा आनंद आहे, परंतु त्याचे सारे श्रेय उन्हाला देण्याची घाई करू नये. त्या आठ दिवसांत त्यांनी स्टेशनचा पूल चढला नसेल, लोकलमध्ये उभे राहून प्रवास केला नसेल आणि स्वयंपाकही बहुधा भाचीने केला असेल. पाहुणा म्हणून काढलेले दिवस आणि राहते दिवस यांची तुलना होत नाही. १९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या समाधानाविषयी विचारले. त्यांपैकी काही विद्यार्थी सदा उन्हाच्या दक्षिण कॅलिफोर्नियात शिकत होते, तर काही कडक हिवाळ्याच्या मध्य-पश्चिम भागात. कॅलिफोर्नियाचे लोक जास्त सुखी असणार, असा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एकूण आयुष्याविषयीचे समाधान दोन्हीकडे सारखेच निघाले. हवेविषयी मात्र कॅलिफोर्नियाचे विद्यार्थी जास्त समाधानी होते. निर्णय घेताना हवा डोळ्यांसमोर उभी राहते. राहायला लागल्यावर शेजार, मित्र, दवाखाना, रोजची कामे आणि घरातील माणसे यांनी दिवस भरतो, आणि हवा मागे सरते. डोंबिवलीत ३४ वर्षांत जोडलेली माणसे या हिशेबात धरली आहेत का, हे दोघांनी बसून एकदा मोकळेपणाने बोलावे. तुमच्यापेक्षा पत्नीला त्यांची उणीव जास्त भासेल, असा माझा अनुभव आहे, कारण पुरुष निवृत्त होतो तेव्हा त्याचे मित्र कचेरीत मागे राहतात, आणि बाईचे मैत्र जिन्यावर, भिशीत, भजनी मंडळात असते; ते सोबत नेता येत नाही.

म्हणून लगेच खरेदी करू नका. डोंबिवलीचे घर ठेवून येथे ११ महिन्यांच्या कराराने घर घ्या, आणि तो करार अक्षय्य तृतीयेच्या आधी सुरू करा. पहिलाच महिना सर्वांत कठीण जाईल; तो निभावला, तर पुढे पावसाळा आणि हिवाळा तुमचाच आहे.

प्रश्न : मी रोज सकाळी साडेसहा ते सात कोवळ्या उन्हात फिरते. तरी तपासणीत ड जीवनसत्त्व फार कमी निघाले. नाशिकसारख्या गावात हे कसे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुम्ही एकट्या नाही, भारतासारख्या उन्हाच्या देशात ही उणीव सर्रास आढळते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेशा प्रमाणात आपल्यापर्यंत पोहोचतात. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, म्हणजे ते ऊन या कामाचे. सकाळी सातची सावली तर रस्ताभर पसरलेली असते. शिवाय हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, आणि सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात आपण त्या वेळी घराबाहेर पडत नाही, पडलो तर स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालून स्कूटरवर बसतो. हिवाळ्यात आणि फेब्रुवारीपर्यंत दुपारी बाराच्या सुमारास दंड उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीत बसता येते. मे महिन्यात तो नाद करू नये. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी सांगितली असेल, तर त्यांनी सांगितले तितकेच आठवडे घ्यावी. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती वर्षभर घेत राहणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

सकाळचे फिरणे मात्र सोडू नका. डोळ्यांना मिळणाऱ्या त्या उजेडाने झोपेचे घड्याळ जागेवर राहते, आणि पुढच्या पत्राचा त्याच्याशी संबंध आहे.

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात ग्लासगोला असतात. तिसरा हिवाळा संपत आला, आणि मुलगा दर रविवारी फोनवर म्हणतो, "आई, मला ऊन पाहिजे, मी परत येतो." सून तिथे रमली आहे. तिचे म्हणणे, उन्हासाठी कोणी चांगली नोकरी सोडत नाही. मला त्यांनी यावे असे फार वाटते, म्हणून माझ्या सल्ल्यावर माझाच विश्वास बसत नाही. आपण काय म्हणाल?
— एक आई, नाशिक रोड

उत्तर : आपल्या सल्ल्यावर आपलाच विश्वास नाही, हे आपण लिहिलेत, त्यावरूनच आपण योग्य सल्ला द्याल याची मला खात्री वाटते. मुलाचे म्हणणे हट्ट समजून सोडून देण्यासारखे नाही. नाशिकला वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. ग्लासगोला डिसेंबरात तो सात तासांवर येतो; सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, पावणेचारला मावळतो, आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर चढतो. नोकरीला जाताना अंधार आणि घरी येताना अंधार. वीस-पंचवीस वर्षे नाशिकच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे सोसत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. नॉर्मन रोझेन्थल हे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत आले, तेव्हा हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांना स्वतःच्याच बाबतीत जाणवले. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचे रीतसर वर्णन केले. ते आता मान्य झालेले दुखणे आहे आणि त्याला उपचार आहेत. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणे, दुपारच्या सुट्टीत ढगाळ असले तरी बाहेर चालणे आणि गरज असेल तर औषध व समुपदेशन. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करण्यास सांगितले जाते. तो हे घेतो का, एवढे तरी या रविवारी विचारा. झोप, भूक, कामावरचे लक्ष यांत फरक पडला असेल, तर तेथील डॉक्टरांना भेटण्यासाठी त्याला निक्षून सांगा. ते परत येण्याच्या निर्णयाच्या आधी व्हायला हवे.

त्यानंतरचा प्रश्न असा, की त्याला ऊनच हवे आहे का. परदेशी गेलेला आपला मुलगा फोनवर "मला आई हवी", "मला माझी माणसे हवीत", असे पस्तिशीत म्हणू शकत नाही. "ऊन हवे" हे म्हणता येते. मी अशा पुष्कळ घरांशी बोलले आहे. जे केवळ अंधाराने गांजले होते, ते जून आला की बदलतात, कारण तेथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, बागा भरतात, आणि तोच मुलगा फोनवर डोंगरातल्या सहलीचे फोटो पाठवू लागतो. जे माणसांसाठी झुरत असतात, ते जूनमध्येही झुरतात. म्हणून माझी विनंती अशी, की हा विषय त्यांनी जूनमध्ये पुन्हा काढावा, तोवर राजीनामा देऊ नये. जूनच्या लख्ख उजेडातही त्याला परत यावेसे वाटले, तर तो मनापासूनचा निर्णय समजावा, आणि सुनेशी बोलताना त्याने उन्हाचे नाव पुढे करू नये, खरे कारण सांगावे. खऱ्या कारणावर नवराबायकोत बोलणे होऊ शकते.

तो परत आलाच, तर या गावाचे दुसरे अंगही त्याला आधीच सांगा. येथे त्याच्या कामाच्या संधी पुण्या-मुंबईपेक्षा कमी आहेत, आणि नाशिकला परत आलेली कितीतरी मुले वर्षभरात पुण्याला गेलेली आपण पाहतो. आई नाशिक रोडला आणि मुलगा हिंजवडीला, एवढ्यासाठी ग्लासगो सोडायचे का, हे त्याने ठरवावे. तुम्ही मात्र "माझ्यासाठी येऊ नकोस" असे म्हणू नका. ते खरे नाही, आणि त्याला ते कळेल.

प्रश्न : इंग्रजीत वेडसरपणाला देवळालीवरून एक शब्द आहे, असे नातवाने सांगितले. हे खरे का? आमच्या लहानपणी तर मुंबईचे शेटजी प्रकृतीसाठी देवळालीला येत.
— एक वाचक, भगूर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शब्द आहे "डुलॅली", आणि तो देवळालीचा सोजिरांनी केलेला उच्चार आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातली मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत राहत. जहाजे साधारण हिवाळ्याच्या मोसमातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत वसंतात संपली, त्याला सगळा उन्हाळा आणि पावसाळा तेथे काढावा लागे. ना काम, ना लढाई, ना घर. दिवसचे दिवस बराकीत पडून राहणाऱ्या या माणसांचे डोके फिरू लागे, आणि त्याला त्यांनी नाव दिले "डुलॅली टॅप". त्यातला "टॅप" म्हणजे आपला "ताप". पुढे मागचा शब्द गळाला आणि देवळाली तेवढी उरली.

त्याच देवळालीला मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबे हवापालटासाठी येत, आजारातून उठलेल्या माणसाला येथे आणून ठेवत. तेथील जुनी सॅनिटोरियमे त्यासाठीच उभी राहिली. कोरडी हवा तीच, ऊन तेच. एकजण स्वखुशीने आला होता, सोबत घरचे माणूस होते, आणि बरे वाटले की परत जाण्याची मुभा होती. दुसऱ्याला यांतले काहीच नव्हते. गावाच्या हवेविषयी कोणी काही सांगितले, की मी आधी विचारते, तो माणूस तेथे कोणाच्या मर्जीने राहत होता.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. पंधरा वर्षे मेहनत केली. मुलगा अभियंता झाला, आता पुण्याला जायचे म्हणतो. म्हणतो, "बाबा, या उन्हात आता काही राहिले नाही." ज्या उन्हावर आम्ही त्याला शिकवले, त्याला तो असे कसे म्हणतो?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बाहेरच्या माणसाला कल्पना नसते, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे लिहिते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, आणि त्यानंतर फुटलेल्या कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. ही सूक्ष्म घडनिर्मिती चांगली व्हायला त्या दीड-दोन महिन्यांत भरपूर ऊन लागते. ज्या उन्हाला शहरात आपण शिव्या देतो, तेच ऊन पुढच्या फेब्रुवारीतली द्राक्षे ठरवत असते. तेव्हा आभाळ भरून राहिले, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काडीवर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. २०२५ सालच्या मे महिन्यात अवकाळी पाऊस किती झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि घड आल्यावरही ऊन-थंडीशी झगडा संपत नाही. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळणारी माणसे, आणि पारा पाचाखाली गेल्यावर मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवून ठिबक सुरू करणारे शेतकरी मी तुमच्याच तालुक्यात पाहिले आहेत.

मुलगा उन्हाला कंटाळलेला नाही, असे मला वाटते. त्याने लहानपणापासून जे पाहिले, त्याचा तो हिशेब करतो आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने काढणीला आलेल्या बागा एका तासात झोडपल्या गेल्या, तेव्हा तो शाळेत असेल. घरात त्या रात्री काय बोलणे झाले, ते तुम्ही विसरलात तरी मुले विसरत नाहीत. औषधांचा खर्च, व्यापाऱ्याने बुडवलेले पैसे, पावसाचा बदललेला मोसम यांतले काहीही उन्हाच्या हातात नाही, पण त्याला सगळ्याचे मिळून "या उन्हात" असे म्हणायला सोपे जाते. याच बागांत कामाला येणारी पेठ-सुरगाण्याची कुटुंबे पाहा. त्यांच्या गावांत तुमच्यापेक्षा कितीतरी पट पाऊस पडतो. तो काळ्या पाषाणावरून वाहून जातो, मार्चपर्यंत विहिरी आटतात, आणि हंडाभर पाण्यासाठी बायकांना दरी उतरावी लागते. तीही माणसे उन्हामुळे गाव सोडत नाहीत. पाणी आणि काम नाही म्हणून सोडतात.

त्याला जाऊ द्या. रागाने पाठवू नका, आणि बाग विकण्याची भाषा दोघांनीही पाच वर्षे काढू नये. मात्र तो जाण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून मागच्या दहा हंगामांचा जमाखर्च कागदावर मांडा. अभियंता झालेल्या मुलाला तो वाचता येतो, आणि कदाचित चार एकरांपैकी दीड एकर प्लास्टिक आच्छादनाखाली घेण्यासारखे आहे की नाही, हे त्याच कागदावरून तो तुम्हाला सांगेल.

प्रश्न : मी सिडकोत सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घेते. कुरडया, सांडगे, नागलीचे पापड. गच्ची वापरायला मिळते म्हणूनच हे घर घेतले. पण ७८ वर्षांच्या सासूबाईंना मागच्या मे महिन्यात दोनदा गरगरले. नवरा म्हणतो, घर सोडू. गच्ची गेली तर माझा धंदा गेला. काय करू, ताई?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ताई म्हणालात, म्हणून धाकट्या बहिणीला सांगावे तसे सांगते. कुरडईच्या कामात ऊन काय असते, ते मला आईमुळे ठाऊक आहे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून धोतराच्या फडक्यावर घातला, आणि त्या दिवशी आभाळ आले, की आईचा जीव खालीवर होई, कारण संध्याकाळपर्यंत वरची बाजू कडक झाली नाही तर कुरडईला आंबूस वास धरतो आणि सगळा घाणा वाया जातो. तेव्हा गच्ची सोडा, असे मी म्हणणार नाही.

परंतु ज्या उन्हाने कुरडई एका दिवसात वाळते, तेच ऊन स्लॅबमधून रात्री सासूबाईंच्या खाटेवर उतरते, हेही तितकेच खरे आहे. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान लागल्याचे कळत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातील पाणी आणखी कमी होते. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून उन्हाळ्यापुरता काही बदल हवा का, हे आधी विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. पाणी, ताक, पन्हे त्यांनी मागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्या. खोली फारच तापली, तर नुसता पंखा गरम हवाच फिरवतो. मान, काखा आणि पाय ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावावा. आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या, अंग तापलेले असून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याच क्षणी अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करावा. गरगरणे दोनदा झाले आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

घराविषयी : तळमजल्यावर कोणी एक खोली दिवसा वापरू देईल का, हे घर सोडण्याआधी पाहा. अकरा ते सहा सासूबाई खाली आणि तुम्ही वर, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटेल. बदल्यात त्या घरी वर्षाचे पापड पोहोचते करा. सिडकोत अशा देवघेवीला कोणी नाही म्हणत नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडा, आणि रात्री हवा खेळेल अशा दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. वाळवण जमिनीवर न पसरता बाजेवर घाला, म्हणजे खालचा भाग सावलीत राहील आणि हवा दोन्हीकडून लागून कुरडईही लवकर वाळेल.

सर्वांत आधी गच्चीला चुना मारा. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरेचसे ऊन परत फिरते आणि स्लॅब कमी तापतो. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्यात थोडा फेविकॉल घाला, म्हणजे पायाला लागत नाही. घरमालक खर्चाला नाही म्हणाले, तरी तुमच्या एका ऑर्डरीच्या पैशांत तो निघेल. वाळवणाचा हंगाम सुरू झाला की गच्ची रिकामी मिळणार नाही, म्हणून या आठवड्यातच एक हात मारा, आणि तो नीट वाळल्यावर दुसरा.